उडीचं बटण

अंगणात सुपारी सोलायला बसले की सालीच्या वासाने मला गेमचं ते बटण आठवतं. नात आठ वर्षांची असताना तिच्या मामाने तिला हातात धरून खेळायचा गेम दिला होता. ती शाळेत आणि सून कुंभवलीला कारखान्यात गेली की सुपारी सोलता सोलता मीच तो खेळायचे. त्यातलं माकड खड्ड्यात पडायला आलं की मी अंगठ्याने उडीचं बटण जीव खाऊन दाबायचे. एक दिवस बटण आत बसलं ते वर येईना. सून नातीवर उखडली, "आपटून आपटून खेळतेस! आता हा दुरुस्त झाला की कपाटात जाईल, परत मिळणार नाय." नात रडत म्हणाली, "मी नाय मोडला, मम्मी!" सुनेसमोर कबूल करायची मला लाज वाटली. संध्याकाळी आम्ही तिघी बोईसरच्या दुकानात गेलो. दुरुस्तीवाल्याने बटणाखालचं झिजलेलं रबर काढलं आणि चिमट्यात एक पिवळट तंतू धरला. "ये धागा कहाँ से आया?" सुनेने तो सुपारीच्या सालीचा तंतू ओळखला आणि माझ्याकडे पाहिलं. घरात सुपारी मीच सोलते. "आई, तुमी?" "हो, मीच. पोरीचा गेम पोरीला दे." नात डोळे पुसून म्हणाली, "आजी, कितव्या लेव्हलला पोचलीस?" मी म्हटलं, "सातव्या." ती अजून चौथ्या लेव्हललाच अडकली होती. आता ती कॉलेजात जाते, गेम माझ्याकडे असतो आणि उडीचं बटण तिसऱ्यांदा बदललंय.