दोन फ्रेंच गाड्या आणि माझी पाठवणी

माझे बाबा अंधेरीतल्या एका शेटकडे ड्रायव्हर होते. शेटकडे दोन फ्रेंच गाड्या होत्या, दोन्ही शर्यतीच्या जातीच्या, आणि दोन्ही गॅरेजात झोपा काढायच्या. जुनी स्वातंत्र्याच्या आधीची, कुठल्याशा संस्थानिकाकडून आलेली, निळी, लांबलचक बॉनेटची. नवी ऐंशीनंतरची, लाल, बुटकी, इंजिन पाठीमागे. पाहुणे आले की शेट सांगायचा, जुनीत डौल आहे, नवीत वेग आहे. रोज पुसणाऱ्या बाबांचं मत वेगळं होतं. जुनी सुरू व्हायला अख्खी सकाळ घेते आणि बंद पडायला एक सिग्नल. नवीला मोकळा रस्ता लागतो, आणि तो आपल्याकडे नाही. बाकी दोघी सारख्याच लाडावलेल्या. आमचे एवढे लाड घरात कोणी केले नाहीत.

माझं लग्न घाटकोपरला ठरलं. सासरची माणसं साधी, गिरणीत राबलेली. पण सासूबाईंना या गाड्यांचा सुगावा लागला आणि पाठवणी फॉरेनच्या गाडीतूनच हवी झाली. बाबांनी शब्द दिला. शेटने नवी गाडी दिली, कारण जुनी म्हणजे वारसा, आणि वारसा घाटकोपरला जात नाही. अट एकच, बाबांशिवाय कोणी स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

हॉलबाहेर गाडी लागली. झेंडूच्या माळा बघून वऱ्हाड खूश. मग सासूबाई मागचं दार शोधायला लागल्या. ते नव्हतंच. आपल्याकडे गाडी म्हणजे नवरा-नवरी, करवली, मामा आणि मांडीवर दोन पोरं. शर्यतीच्या गाडीत दोनच सीटा असतात हे कोणी विचारलं नव्हतं, आणि त्या दोन्ही रोज पुसणाऱ्या बाबांनी सांगितलंही नव्हतं. चालवायला बाबा, शेजारी मी. नवरदेव मुंडावळ्यांसकट भांड्यांच्या टेम्पोत चढले. मागोमाग सासूबाई. त्यांचा तो चेहरा मी अजून जपून ठेवलाय.

एरवी मुलीचा बाप पाठवणीला दारातच थांबतो, डोळे पुसतो आणि उरलेल्या पंगतीकडे वळतो. माझा बाप मला सोडायला निघाला. फ्रेंच गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो त्या उजव्या बाजूला मी. नवरीच गाडी हाकतेय असं वाटून लोक वाकून बघत होते.

साकीनाक्याला टेम्पो आम्हाला मागे टाकून गेला. मग रिक्षा गेल्या, मग डबलडेकर, मग एक केळ्यांची हातगाडी. मी म्हटलं, "बाबा, वेगाची गाडी ना ही? जरा पळवा की."

त्यांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. "पळवली तर पोचू ना गं."

घाटकोपरला सासूबाई उंबऱ्यावर माप ठेवून ताटकळल्या होत्या. बाबांनी उतरून माझ्या बाजूचं दार उघडलं, आणि मला उतरवेना.