गेल्या भेटीबद्दल आभार

तोरबोर्ग हाउगेलानच्या तोंडून आयुष्यात एकदाच भलता शब्द निसटला, आणि तोही आभाराचा.

एल्वेदालच्या दरीत माणसं मुळात बोलतात कमी. शेजाऱ्याशेजारी बसून अख्खी संध्याकाळ मासे धरतील आणि उठताना "बरं झालं, बोलणं झालं" म्हणतील. पण एक रीत कुणी चुकत नाही. माणूस पुन्हा भेटलं की हवापाण्याच्याही आधी म्हणायचं, "गेल्या भेटीबद्दल आभार." मग ती गेली भेट लग्नाच्या जेवणातली असो, नाहीतर कुंपणावरून झालेल्या भांडणातली. शिंक यावी तसे ते शब्द येतात.

तोरबोर्ग विधवा होती, पण दुःखी म्हणावी अशी मुळीच नव्हती. लग्न असो, बारसं असो, बटाट्याच्या पातळ पोळ्या तिच्याच तव्यावरच्या हव्यात, असा दरीचा हट्ट होता आणि तो हट्ट तिला भारी आवडायचा. घराच्या खाली पाण्याला लागून तिच्या मुलाची, आइविनची, होड्या बांधायची शेड होती. दिवसभर त्याचा हातोडा ऐकू यायचा. दुसऱ्या बाईचं डोकं उठलं असतं. हिचं मात्र हातोडा थांबला की उठायचं. ती पीठभरल्या हातांनी खिडकीशी जाऊन बघून यायची. हातोडा पुन्हा वाजला की पोळी लाटायची. एवढं तिचं सुख, आणि ते तिला पुरेसं होतं.

लढाई संपून चार वर्षं झाली होती. वसंतातल्या एका सकाळी ती दुकानात कॉफीचं पुडकं घेऊन वळली आणि समोर रोनेविकबाई.

हाल्वार रोनेविक म्हणजे दरीचा अभिमान. त्याची पुस्तकं नाहीत असं घर नव्हतं. जर्मन आले तेव्हा हा थोर लेखक त्यांच्या बाजूने गेला. पण त्याच्याही आधी गेली ती त्याची बायको आस्लाउग. नाझी पक्षात नाव तिनेच पहिलं घातलं. बाईचा आवाज गोड. जर्मनीतल्या मोठमोठ्या सभागृहांत ती नवऱ्याच्या गोष्टी वाचून दाखवायची आणि शेवटी चार शब्द स्वतःचे जोडायची. इकडे आली की तेच चार शब्द घरोघर, पोरांच्या आयांना: पोराला जर्मनांकडून लढायला पाठवा. शांतता झाल्यावर म्हाताऱ्याला वय बघून सोडलं, बाई तुरुंगात गेली. दरीनेही निकाल लावून टाकला: म्हाताऱ्याला बायकोने नादी लावलं. हा निकाल फार सोयीचा होता, कारण त्यामुळे फळीवरची पुस्तकं फळीवरच ठेवता आली.

तर ती बाई सुटून आली होती. कोट तोच उंची, आतलं माणूस निम्मं झालेलं. निळी टोपी नीट बसवत ती उभी होती आणि दुकानातल्या सगळ्यांना एकदम साखरेच्या गोणीत काहीतरी बघायचं होतं. तोरबोर्गच्या तोंडून शब्द गेले, "गेल्या भेटीबद्दल आभार, बाई."

बाईचे डोळे भरून आले. "आभार तुमचेच, तोरबोर्ग."

दुपारपर्यंत ही बातमी दरीच्या त्या टोकाला पोचून परतही आली होती.

"आई," आइविन जेवताना म्हणाला, "आज बाईचे आभार मानलेस. उद्या करवसुलीवाल्याचा मुका घेशील."

"गप जेव."

सिग्ने मात्र हसली नाही. सिग्ने वरच्या घरातली, तोरबोर्गची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघींची सकाळची कॉफी एकत्र व्हायची. दुसऱ्या दिवशी ती आली, बसली, अर्धा कप प्याली आणि म्हणाली, "कशाबद्दल आभार मानलेस गं? माझ्या तुर्लाइफबद्दल?"

"अगं, जिभेला सवय..."

"तुझी जीभ तुला लखलाभ. तुझा तो खाली ठोकतोय ना अजून? मग तुला काय कळायचं." तिने कप ठेवला आणि दार असं आपटलं की वरची बिजागरी निखळली.

सिग्नेच्या तुर्लाइफला वाचायचं वेड. बाईने त्याला नवऱ्याच्या सहीचं पुस्तक दिलं, बरोबर ते चार शब्दही दिले, आणि पोरगा जर्मनांच्या पलटणीत भरती होऊन पूर्वेच्या आघाडीवर गेला. परत आला नाही. तेव्हापासून सिग्नेने आइविनचं नाव घेतलेलं नव्हतं. 'तुझा तो', बस. तोरबोर्गला ते समजायचं आणि तिने कधी मनाला लावून घेतलं नाही.

पण आता सिग्ने येईना. कॉफी कडू लागू लागली. तोरबोर्ग रडणारी बाई नव्हे. तरी एकदा पोळी करपली आणि तव्यापाशी उभी राहून ती रडली. या वयात नवी मैत्रीण कुठून आणायची?

अशात एका सकाळी रोनेविकबाई दारात उभी. लोंबतं दार जपून सरकवून आत आली.

"तुम्ही एकट्याच माझ्याशी बोललात," बाई खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाली. "चर्चच्या महिलामंडळात तुमच्या शब्दाला मान आहे. मला परत घ्यायला सांगा त्यांना. सांगा की मी फक्त नवऱ्यामागून गेले. ते बोलायचे, मी वाचायचे. बायकोने दुसरं काय करायचं असतं?"

तोरबोर्गने कॉफी ओतली. खरी ओतली, रेशनवर मोजून मिळायची ती. दारी आलेल्याला ती कॉफीशिवाय कधी बसवत नसे.

"गेल्या भेटीत तुम्ही याच खुर्चीवर होतात," ती म्हणाली. "माझा आइविन मागायला आला होतात."

"ते हाल्वारच्या..."

"मी त्या दिवशी कप एकच काढला होता, बाई. तुम्ही एकट्या आला होतात. चालत, पावसात. तुमच्या नवऱ्याचं त्यांचं ते बघतील. माझ्या टेबलाशी तुम्ही जे बोललात ते तुमचंच होतं, आणि मनापासून होतं. गाल लाल झाले होते तुमचे."

बाईने कप खाली ठेवला. खाली हातोडा चालू होता.

"मी तुमचं वाईट चिंतत नाही," तोरबोर्ग म्हणाली. "मंडळात बोलते तुमच्यासाठी. पण आधी ही वाक्यं सिग्नेसमोर म्हणा. चला, मी येते बरोबर."

तिने शाल घेतली, पोळ्या फडक्यात बांधल्या. बाईही उठली. चढ दोघी बरोबर चढल्या. सिग्नेच्या फाटकापाशी बाईने हातमोजे घातले, एकेक बोट नीट बसवत. मग ती वळली आणि उतारावरून निघून गेली.

तोरबोर्गला राग आला नाही. थोडी कीव आली. ती एकटीच पुढे गेली आणि दारात येऊन अडली, कारण भेटल्यावर आधी जे म्हणायचं असतं, तेच शब्द आता तिला म्हणवेनात.

दार आतून उघडलं. सिग्नेने आधी उतारावरची निळी टोपी पाहिली, मग फडकं. बाईला इथवर कशाला आणलं होतं आणि ती का परतली, ते तिला कळलं.

"गेल्या भेटीबद्दल आभार," सिग्ने म्हणाली.

"गेल्या भेटीत तू माझं दार मोडलंस."

"अजून तसंच लोंबतंय?"

"तसंच."

सिग्नेने तिच्या हातातलं फडकं घेतलं. खालून हातोड्याचा आवाज इथवर येत होता. तिने तो थोडा वेळ ऐकला.

"मग आइविनला सांग की," ती म्हणाली. "आइविन आहे ना बसवायला."