साध्या गाठीवर कोण विश्वास ठेवणार?

आमच्या शेजारचे घड्याळजी म्हणजे संशयाचं चालतंबोलतं दुकान. दुरुस्तीला घड्याळ आणणाऱ्याकडे असे बघणार, की त्या बिचाऱ्यालाच ते चोरीचं वाटावं! त्यामुळे डोळ्याला लावायचं भिंग नीट बसेना, तेव्हा पहिला आळ माझ्यावर.

"भिंग बदललंत ना?"

"बदललं. आता वहिनी सुंदर दिसतात का बघा!"

वहिनींनी मात्र त्यांच्या भुवईवरून बोट फिरवलं. भिंग तेच होतं. हाड फुगलं होतं.

स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, "कवटीच्या हाडात रक्तवाहिन्यांची गाठ झालीय. क्वचितच होते. साधी दिसतेय, कॅन्सरची नाही. पण वाढली तर डोळ्यावर दाब येईल. काढून टाकू."

इथेच माशी शिंकली. घड्याळजींच्या कॅन्सरनं गेलेल्या थोरल्या भावाला शेवटपर्यंत 'साधी गाठ'च सांगितली होती, आणि सांगणाऱ्यांत हे स्वतः पुढे होते. त्यात वहिनींचा आवाज एकाएकी मऊ झाला. कधी न फिरकणारे मेहुणे फळं घेऊन हजर!

"सगळे गोड बोलतायत," घड्याळजी माझ्या कानाशी कुजबुजले. "माझं काही खरं नाही. ऑपरेशन नकोच."

गाठ वाढत गेली, डोळा खाली झुकू लागला. शेवटी मी वहिनींना गाठलं. "वहिनी, जरा भांडा हो! तुमच्या लाडानंच घाबरलेत ते."

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "डोळा गेला तर जन्मभर हात धरून फिरवणार नाही, सांगून ठेवते!"

सकाळी घड्याळजी खुशीत. "मरणाऱ्याला कोण असं झापतं?" म्हणाले, आणि ऑपरेशनच्या कागदावर सही करून आले.

डॉक्टरांनी कडेच्या चांगल्या हाडासकट गाठ कापून काढली, खड्ड्यावर धातूची जाळी बसवली. शुद्धीवर येताच यांचा हट्ट, "तुकडा दाखवा!" तो तपासायला गेलाय म्हटल्यावर, "बघा, पुरावा गायब!"

रिपोर्ट आला. गाठ खरंच साधी निघाली. डॉक्टर खोलीबाहेर पडताच वहिनींनी त्यांना अडवलं. "त्यांच्यासमोर बोललात ते असू दे. आता मला खरं सांगा."

डॉक्टरांनी तेच पुन्हा सांगितलं. वहिनी मटकन बाकावर बसल्या आणि हुंदके देऊ लागल्या.

दारात घड्याळजी उभे. "म्हणजे तुलाही तेच वाटत होतं? मग भांडलीस कशाला?"

"निदान डोळा तरी वाचावा म्हणून."

घड्याळजी वहिनींच्या शेजारी बसले. उलटतपासणीचा एकही प्रश्न आला नाही.