गार सोंगटी

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत लिफ्टच्या दाराशी पार्किंगची एकच जागा आहे, एक नंबरची. अर्धांगवायू झाल्यापासून आई चाकाच्या खुर्चीत असते. तिला दवाखान्यात व्यायामाला न्यायचं तर गाडी तिथेच लागायला हवी. दुसरीकडे लावली की मध्ये खडी येते, खुर्ची रुतते, आईला उचलावं लागतं आणि ती ओठ चावून कळ सोसते. मी मीटिंगमध्ये ती जागा मागितली. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, नियम सगळ्यांना सारखा. सोडत काढू." सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात आमची सोसायटी तरबेज आहे.

कॅरमच्या सोंगट्यांवर नंबर चिकटवायचे, त्या कापडी पिशवीत टाकायच्या आणि न बघता प्रत्येकाने एकेक उचलायची, असं ठरलं. सोंगट्या सेक्रेटरींच्या घरी होत्या. त्या महाभागाने एक नंबरची सोंगटी फ्रीजरमध्ये ठेवली. हाताला गार लागेल ती आपली. त्यांच्या बायकोने हे एकीला सांगितलं, "कुणाला बोलू नका हं" असं बजावून. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं. मलाही.

रविवारी सकाळी मिसळ सोडून सगळे वेळेआधी हजर! एरवी पाण्याच्या टँकरचा विषय असला तरी या लोकांचा कोरम होत नाही. लबाडी सगळ्यांना ठाऊक होती, पण बोलणार कोण? प्रत्येकाला तीच लबाडी स्वतःसाठी वापरायची होती. मीही गप्प बसले, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

भांडण पेटलं ते पहिला हात कुणाचा यावर. सेक्रेटरी म्हणे, पदाचा मान. निवृत्त प्राध्यापक म्हणे, वयाचा मान. खऱ्या सोडतीत आधी उचला की नंतर, संधी सारखीच असते, हे जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला आता मी सांगायचं? पिशवी मे महिन्याच्या उन्हात टेबलावर पडून होती आणि हे शिकलेसवरलेले लोक एकमेकांच्या अंगावर धावून जात होते.

शेवटी एकेक हात पिशवीत जाऊ लागला. चाचपणं संपेना, चेहरे पडू लागले. सोंगटी केव्हाच कोमट झाली होती. इतक्या हुशार माणसांनी मिळून लबाडीची चक्क प्रामाणिक सोडत करून टाकली.

एक नंबर लागला पुण्याहून आलेल्या, कुलूपबंद फ्लॅटच्या मालकाला. त्याची इथे गाडीच नाही. आता तिथे त्याचा मोडका कूलर उभा आहे. आम्हाला मिळाली टाकीमागची जागा, खडीच्या पलीकडची.

"नशिबापुढे कुणाचं चालतं, ताई?" सेक्रेटरी म्हणाले.

एका सोंगटीची बातमी मिळवायला ही माणसं दारोदार कान लावत फिरली होती. आई मात्र त्या सकाळी सगळा वेळ पिशवीच्या शेजारीच, खुर्चीत बसून होती. ती जागा खरी कुणाला हवी, ही बातमी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि कुणालाच नको होती.