नैवेद्याचे एकवीस

गणपतीच्या दिवशी मोदकांचं ताट घेऊन मी हॉलच्या दाराशी उभी होते. वहिनींनी, म्हणजे इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांच्या बायकोने, एक मोदक वर धरून बघितला.

"मावशी, काय कळ्या पाडल्यात! गावात घर कुठल्या वाडीत तुमचं?"

परदेशात वाडीवरून कोण काय ठरवील, असं मला वाटलं. चूक माझी.

"चांभारवाडीत," मी म्हणाले.

मोदक ताटात परत गेला. त्यांनी हात पदराला पुसला.

"नैवेद्याचे एकवीस माझ्या घरून येतील. तुमचे आपण पंगतीला घेऊ."

पंगतीला सगळ्यांनी माझे मोदक खाल्ले. दोन दोन मागून घेतले. देवाला चालले नाहीत, ह्यांच्या पोटाला चालले.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो लोखंडाच्या भट्टीवर वेल्डर, अध्यक्ष त्याचा साहेब. "गप बस," तो म्हणाला.

मी गप बसले. वर दरवर्षी पंगतीचे मोदक करत राहिले. कारण त्या हॉलमध्ये मराठी ऐकू यायचं. मला लाज वाटते ती ह्याची. वहिनींनी एकदाच हात पुसला, मी मात्र दरवर्षी ताट घेऊन गेले.

तेव्हा आमची ही आखातातली वसाहत, रास जुबैन, भरलेली होती. सहम शहराच्या पुढे, समुद्राला लागून. लोखंडाची भट्टी, पाइपांचा कारखाना, कामगारांच्या बसगाड्यांची रांग. रत्नागिरीच्या खानभाईंच्या दुकानात नारळ आणि तांदळाची पिठी मिळायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख पडायची. आम्ही राखेला शिव्या द्यायचो.

मग भट्टी बंद झाली. आता कपडे स्वच्छ वाळतात. लोक राजधानीकडे सीबला गेले, बौशरला गेले, बरेचसे गावी गेले. खानभाईंनी शटर ओढलं. जाताना लोकांनी एसी काढून नेले, भिंतींतल्या भोकांत आता कबुतरं राहतात. नवरा वारला. मुलगा सहमच्या गॅरेजात जातो, संध्याकाळी येतो. आमच्या इमारतीत दिवे लागतात ती तीन घरं. दिवसभर मी कोणाशी बोलत नाही. कधी कधी कुकरशी बोलते.

यंदा गणपतीच्या आधी वहिनी जिने चढून आल्या. धापा टाकत होत्या. त्यांचे यजमान बंद भट्टी आवरायला मागे राहिलेत. त्यांची बोटं आता वाकडी झालीत, पारी वळत नाही.

"मावशी, नैवेद्याचे एकवीस यंदा तुम्हीच करा. सीबहून आणले तर गाडीत चिरतात."

"माझी वाडी तीच आहे."

"अहो, किती जुनं धरून बसता! आता आपण मराठी माणसं उरलोच किती?"

"माणसं उरली नाहीत, तेव्हा मला मोजलंत होय?"

त्या दाराकडे वळल्या. त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. चहा टाकावा, दोन तास बोलत बसावं. तरी मी बोलले.

"करते. पण ताट देवापुढे मीच ठेवणार. आणि त्या वर्षी तुम्ही काय केलंत, ते आरतीआधी सगळ्यांसमोर तुम्ही सांगायचं."

"ह्यांना विचारून सांगते."

आल्या नाहीत.

चतुर्थीला हॉलमधून आरती ऐकू आली. चार-पाच आवाज होते. मी खिडकी लावली नाही. एकवीस मोदक केले, आमच्या फळीवरच्या गणपतीपुढे ठेवले आणि जेवायला बसले.

पुढच्या वर्षी त्या पुन्हा जिने चढतील. दुसरं कोणी उरलेलं नाही. चहा देईन. अट तीच सांगेन.


आणि त्या आल्या नाहीत, तर चार माणसांचं मराठी न ऐकता मरेन. पंगतीचे मोदक करणार नाही.