ढोलकीचा घुमारा आणि दोन यंत्रं

कॅसेटचे दिवस संपत आले होते, तेव्हा मला स्टुडिओ काढायची हौस आली. कुठे, तर रत्नागिरीत, आमच्या आंब्याच्या पेट्या भरायच्या खोलीत. भिंतींना गोणपाट, दाराला जुनी गादी आणि टेबलावर चार ट्रॅकचा रेकॉर्डर. शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाईला एवढं पुरे!

माझ्याकडे तालाची दोन जुनी ॲनालॉग यंत्रं होती. एक बोटीवर नोकरी करणाऱ्या शेजाऱ्याने आणून दिलेलं, दुसरं मुंबईतल्या मोडलेल्या ऑर्केस्ट्राचं. गणपतीआधी जाखडी नाचाच्या एका मंडळाची कॅसेट करायची होती, आणि नेमके त्यांचे ढोलकीवाले दादा शेवाळावरून घसरले. डावा हात प्लास्टरात. उजव्या हाताने त्यांनी ढोलकीची चाट, म्हणजे उंच आवाजाची बाजू, झकास वाजवून दिली, ती मी टेप केली. डाव्या हाताचा घुमारा, तो घुमणारा खर्ज, मात्र यंत्रातून काढायचा, असं मंडळाच्या शाहिरांनी ठरवलं.

दादांचं तोंड एवढंसं झालं. "एकदा ह्याची सवय लागली की मला कोण विचारतंय गो? वीस वर्षं वाजवतोय मी."

"काहीतरीच काय!" मी म्हटलं खरं, पण मलाही तीच धास्ती होती.

मग आम्ही दोघं यंत्रं पारखायला बसलो. बोटीवरचं दणदणीत. छाती हादरायची. पण प्रत्येक ठोका सारखा, वाडीत नारळ पडत राहावेत तसा. ऑर्केस्ट्रावालं म्हणजे नुसता वैताग. खरखर करायचं आणि तापलं की सूर सोडायचं. मी दोन चापट्याही मारल्या त्याला.

"हे बटण कसलं?" दादांनी विचारलं.

"सूर वरखाली करायचं. हात नका लावू, आत्ताच जुळवलाय!"

ऐकतील तर शप्पथ! ठोका पडला तसं त्यांनी बटण फिरवलं, आणि आवाज खालून वर वळत गेला. अगदी ढोलकीवर तळवा घासावा तसा. मी ओरडलेच, "दादा, थांबू नका!" अख्खं गाणं त्यांनी उजव्या हाताने बटण फिरवत काढलं. कुठे ओढायचं, कुठे सोडायचं, सगळं त्यांचं. मला तर रडूच फुटलं.

संध्याकाळी शाहीर ऐकायला आले. डोळे मिटून मान डोलावली. "काय यंत्र आहे! पुढच्या वर्षी हेच घेऊ या की सगळ्या गाण्यांना."

दादा एका हाताने ढोलकी पिशवीत घालायला लागले. माझं डोकंच फिरलं. मी टेप थांबवली आणि यंत्र नुसतंच चालू केलं, कुणी हात न लावता. धप्. धप्. धप्.

"हे घ्या तुमचं यंत्र," मी म्हटलं. "मघाचा घुमारा दादांच्या हातातला होता, अख्खं गाणं बटण तेच फिरवत होते."

शाहीर बराच वेळ ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "बंद कर गो ते." आणि दादांकडची ढोलकी काढून घेऊन त्यांनी स्वतःच्या खांद्याला अडकवली. "चल रे, घरी सोडतो तुला."