मडक्याला ‘अहो’ म्हणणारे भाऊजी

मडक्याशी अदबीनं बोलणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या समोरच्या दारात राहायचा. सातपूरला आमच्या यांच्याच कारखान्यात टूलरूमला होते ते. यांच्याहून दहाएक वर्षांनी मोठे, लग्न न केलेले. मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला वहिनी. एकदा रागाच्या भरात ते साहेबालाही अरे-तुरे करून आले होते म्हणे, पण गॅसवरच्या मडक्याला मात्र कायम अहो-जाहो. सकाळी त्यांचं दार उघडं असलं की आतून आवाज यायचा, “अहो, जरा दमानं. आच आत्ताच लावलीय.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गावाहून कुणी वडीलधारं आलंय. मी चहाचं विचारायला गेले, तर गॅसवर डाळीचं मडकं आणि त्याच्यापुढे भाऊजी हात बांधून उभे.

दिवसभर लोखंडातला केसाएवढा फरक पकडणारा हा माणूस घरात स्टीलचं भांडं ठेवायचा नाही. पाण्याचा पेला तेवढा स्टीलचा, तोही ‘नाइलाज म्हणून’. डाळीचं मडकं वेगळं, भाताचं वेगळं, दुधाचं वेगळं, भाकरीला मातीचा तवा. मटणाचं मडकं एकटंच खिडकीत, कारण ‘त्यांचा वास बाकीच्यांना लागतो’. खरेदीला ते थेट नांदगावच्या बाजाराला जात. तिथली एक कुंभारीण त्यांना पटली होती. एकदा यांनाही सोबत नेलं. भाऊजींनी एकेक मडकं कानाशी धरलं, बोटाच्या पेरानं वाजवलं, उन्हाकडे धरून आत डोकावून पाहिलं आणि अकरा मडकी परत ठेवली. शेवटी ती बाई वैतागली, “सायेब, मडकं नेताय का सून?” भाऊजी गंभीरपणे म्हणाले, “सून नंतर सांभाळून घेते, मावशी. चीर गेलेलं मडकं नाही घेत.” येताना एसटीत ते मडकं त्यांच्या मांडीवर, त्यांच्याच मफलरमध्ये गुंडाळलेलं, आणि स्वतः भाऊजी थंडीनं खोकत बसलेले.

नवं मडकं घरी आलं की पूर्ण एक दिवस पाण्यात बुडवून ठेवायचं. घरात बादली एकच. त्यामुळे त्या दिवशी भाऊजी बिनआंघोळीचे कामावर जात आणि कुणी विचारलंच तर “घरी पाहुणे पाण्यात आहेत” असं सांगत. मग ते सुकवायचं, आतून तेलाचा हात फिरवायचा, मंद आचेवर पातळ पेज उकळायची, फेकायची, पुन्हा उकळायची. तापलेलं मडकं गार ओट्यावर टेकवायचं नाही, खाली कापडाची चुंबळ हवी. घासायला राख आणि नारळाची शेंडी. घासून झालं की गॅलरीत पालथं. त्या गॅलरीत ऊन मडक्यांना मिळे, भाऊजींचे शर्ट आत पंख्याखाली वाळत.

आणि त्या मडक्यातली डाळ! तुरीची साधीच, लसणाची फोडणी, पण मी कितीही वेळा तीच डाळ कुकरला लावली तरी ती चव काही आली नाही. दर रविवारी एक मडकं आमच्याकडे यायचं. पहिल्याच खेपेला मी ते साबणाच्या पावडरीनं लख्ख घासून परत दिलं. भाऊजींनी वास घेतला आणि मडकं आत नेलं. चार दिवसांनी जिन्यात भेटले तेव्हा हळूच म्हणाले, “वहिनी, आमच्या डाळीला फेस येतोय.” माती साबण पिऊन बसते हे मला तेव्हा कळलं. मी ओशाळले. तर वर म्हणतात, “तुमची चूक नाही. मीच लिहून द्यायला हवं होतं.” पुढच्या रविवारपासून मडक्याच्या गळ्यात चिठ्ठी येऊ लागली: ‘मला साबण चालत नाही. मी गरम असताना गार पाणी ओतू नये. कळावे, आपले मडके.’

ते सांगत बसायचे आणि मी ऐकत बसायची. आच कशी वाढवायची, माती कशी ओळखायची, कुठलं मडकं रुसलंय. मला नकला करायची सवय शाळेपासूनची. ऐकता ऐकता त्यांचे हात, मान, तो दबका आवाज सगळं मी उचलत होते. त्यांना वाटायचं, वहिनी शिकतायत.

एका वर्षी कॉलनीच्या गणपतीत बायकांच्या कार्यक्रमात मी ती नक्कल केली. गळ्यात यांचा मफलर, हातात माठ. “अहो, उठता का? पेज घ्यायचीय ना?” मंडपात हशा मावेना. मग मी ती चिठ्ठी वाचून दाखवली, खरीखुरी, त्यांच्या अक्षरातली. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. भाऊजी तिसऱ्या रांगेत होते. तेही हसले, रुमालानं डोळे पुसून हसले. मला पहिलं बक्षीस मिळालं. नॉनस्टिक तवा.

पुढच्या रविवारी मडकं आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. जिन्यात भेटले की “काय वहिनी, बरं ना?” पूर्वीसारखंच. पण त्यांचं दार आता सकाळी लोटलेलं असायचं आणि आतून बोलण्याचा आवाज येत नसे. मला कारण माहीत होतं. समोरचं दार सहा पावलांवर होतं. तेवढं मी सात वर्षांत चालले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. मग कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती आणली आणि ते मालेगावला विधवा बहिणीकडे निघाले. मडकी पेंढ्यात बांधून टेम्पोत चढवत होते, ते मी खिडकीतून पाहिलं. दूध उतू जाईल, असं स्वतःला सांगून मी खाली उतरले नाही.

पुढे पाच-सहा वर्षांनी एका लग्नाला मालेगावला गेले, तेव्हा पत्ता काढून एकटीच त्यांच्या घरी धडकले. बहिणीनं दार उघडलं. भाऊजी खाटेवर बसले होते, खूप वाळले होते. दोन्ही हात सारखे कापत होते. “भाऊना हात कापतस,” बहीण अहिराणीत हळूच म्हणाली. वर्षभरात तीन मडकी त्यांच्या हातून फुटली, तेव्हा उरलेली त्यांनी स्वतःच शेजारणींना देऊन टाकली होती.

बहीण आत गेल्यावर मी म्हणाले, “भाऊजी, त्या गणपतीत माझं चुकलं. तुम्हाला राग आला, आणि मी कधी...”

“राग?” कापणारा एक हात त्यांनी दुसऱ्यानं धरून ठेवला. “राग नाही आला हो. लाज वाटली. मला वाटायचं, तुम्हाला आवडतं म्हणून ऐकताय.”

“आवडायचं, भाऊजी. खरंच आवडायचं.”

त्यांनी मान डोलावली, लहान मुलाची समजूत घालताना डोलावतात तशी. माझं म्हणणं खरं होतं. पण ते खरं वाटावं असं त्यांच्याजवळ मी काहीच ठेवलं नव्हतं.

आतून बहिणीनं हाक मारली, “जेवाले चला.” आम्ही पाटांवर बसलो. डाळ कुकरची होती, फार शिजून पिठूळ झालेली. भाऊजींनी घास तोंडात घालायच्या आधी माझ्याकडे पाहिलं आणि संकोचून म्हणाले, “साधीच आहे, वहिनी.”

मी वाटी पुढे केली आणि आणखी मागून घेतली.